कापलेली दोन वाक्यं

बाई, काल विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी थोडं बोलले, मग एकेक जण उठून तुमच्याविषयी सांगत गेला. फोटो तुमच्या मेघनानं निवडला होता, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. त्यात तुम्ही अशा बघताय की जणू समोरच्यानं गृहपाठ केलेलाच नाही. समोर बसलेल्यांतले निम्मे तुमच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे पन्नाशीची माणसंसुद्धा नीट मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसली होती. हैदराबादेत मराठी शाळा टिकवण्यासाठी तुम्ही काय काय केलंत, किती मुलांची फी माफ करून आणलीत, हे सगळं लोकांनी सांगितलं. ते मी परत लिहीत बसत नाही.

मला जे सांगायचंय ते तुम्ही असताना सांगायला हवं होतं. ते रेकॉर्डिंग डिलीट झालं नव्हतं, बाई. ते पहिल्या दिवसापासून माझ्याच लॅपटॉपमध्ये होतं. आणि तुमची शेवटची दोन वाक्यं ऑफिसनं कापली नव्हती. मी कापली होती.

लिहून टाकलं. आता बाकीचं सावकाश सांगतो.

तुम्ही निवृत्त झालात आणि वर्षभरात फोनवर बातम्या द्यायला लागलात. कारण साधं होतं. आपल्याकडची पोरं घरात मराठी बोलतात, पण मराठी छापलेलं पुढे ठेवलं की दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करतात. मेघना तुमची स्वतःची मुलगी, कुकटपल्लीच्या एवढ्या मोठ्या कंपनीत कामाला, तिलाही लग्नपत्रिकेच्या पुढे मराठी वाचता येत नाही. मग तुम्ही म्हणालात, वाचता येत नाही तर ऐका. रोज सकाळी सात वाजता पाच मिनिटांचं बातमीपत्र, दिलसुखनगरच्या तुमच्या दोन खोल्यांतून, फोनच्या ग्रुपवर. दवाखान्यात शिबिर कधी आहे, रेशनकार्डाची दुरुस्ती कुठे होते, नांदेडची गाडी किती उशिरा निघते, कोणाच्या घरी कोण वारलं.

आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी तुमचं ते शेपूट. "ही सूचना कार्यालयाच्या पाटीवर लिहिली आहे, मी स्वतः जाऊन वाचली." "हे आमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, मी पाहिलेलं नाही." एकदा तर "बेगम बाजारात गुळाचा भाव उतरला आहे, असं काल तिकडून आलेले गृहस्थ म्हणाले, मी गूळ विकत घेतलेला नाही." आम्ही किती हसलो होतो त्याच्यावर! मी तुमची नक्कल करायचो. "चहा गोड झाला आहे, असं मेघना म्हणते, मी अजून प्यालेलो नाही." तुम्हीही हसायचात, पण शेपूट काही सोडलं नाहीत. लोकांनाही त्याची सवय लागली होती. वस्तीत कोणी काही नवं सांगितलं की दुसरा लगेच विचारायचा, पाहिलंस की ऐकलंस?

माझं काम याच्या बरोबर उलटं. एका नेत्याच्या प्रसिद्धीच्या ऑफिसात मी मराठी बघतो. नेते एक, भाषण एक, पण आम्ही त्याची तीन पत्रकं काढतो. तेलुगूत एक, उर्दूत एक आणि आपल्या मराठी मतदारांसाठी एक. प्रत्येकात दुसऱ्यांना न आवडणारं तेवढं गाळलेलं. सभेचं पत्रक सभेच्या आदल्या दिवशीच तयार असतं, टाळ्यांसकट. पत्रकाराला मथळा आम्ही देतो, फोटो आम्ही देतो, कधी कधी त्यानं विचारायचा प्रश्नही आम्हीच देतो. अंगाशी येणारी बातमी असली की ती सणाच्या आदल्या संध्याकाळी सोडायची, म्हणजे कोणाचं लक्ष जात नाही. यातलं काहीही बेकायदेशीर नाही. मी तुम्हाला हे अभिमानानंच सांगायचो, खोटं कशाला बोलू.

माझं मराठी शाळेनंतर गंजलेलं, म्हणून दर आठवड्याला पत्रकं घेऊन मी तुमच्याकडे यायचो. तुम्ही लाल पेन काढायचात. शुद्धलेखन सुधारायचात आणि समासात लिहायचात, "कोण म्हणतं?" मी लिहायचो, "जनतेत उत्साहाची लाट." समासात, "कोण म्हणतं?" मी लिहायचो, "विकासाला गती मिळाली आहे." समासात पुन्हा तेच. एका पानावर नऊ वेळा लिहिलं होतंत. मी चिडलो.

"बाई, सगळेच असं करतात. समोरच्या पक्षाचं ऑफिस आमच्यापेक्षा चार पावलं पुढे आहे. आणि पेपरवाल्यांनाही तयार मालच हवा असतो. त्यांना कुठे वेळ आहे फिरायला?"

"म्हणजे तू एकटा नाहीस, एवढंच ना?"

"मी कुठे चोरी करतोय?"

"मी चोरी म्हटलं का? मी विचारलं, कोण म्हणतं. उत्तर सोपं आहे. नेते म्हणतात. मग तसं लिही ना. त्यांचं नाव घालायला लाज का वाटते तुला?"

"नाव घातलं की ते जाहिरात वाटतं, बाई. नाव काढलं की बातमी वाटते."

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत आणि माझ्याकडे बघत राहिलात. आपला हा वाद तिथेच थांबला, दर वेळी तिथेच थांबायचा. मी तो कधी जिंकलो नाही आणि तुम्ही तो कधी संपवला नाहीत. तरी पुढच्या आठवड्यात मी नवी पत्रकं घेऊन आलो की तुम्ही दार उघडायचात, चहा टाकायचात.

मग रस्त्याचं प्रकरण आलं. आपल्या वस्तीतून जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आराखड्यात पुढच्या ओळीतल्या घरांवर लाल रेघ आली. तुम्ही स्वतः कार्यालयात जाऊन पाटी वाचलीत, हरकतीच्या अर्जाची शेवटची तारीख बातमीपत्रात तीन दिवस सांगितलीत. तेवढ्यात आमच्या नेत्यांनी वस्तीजवळ सभा घेतली आणि व्यासपीठावरून सांगितलं, तुमची वस्ती आराखड्यातून काढायला लावतो, निश्चिंत राहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी खऱ्या.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो. तुमचा आवाज आम्हाला हवाच होता. याआधी मी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हणाला होतात. या वेळी मी म्हणालो, "बाई, प्रचार नाही हा. ते जे बोलले तेवढंच सांगा. लोकांच्या कामाचं आहे." दोन दिवसांनी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यानंतर बरेच दिवस बातमीपत्र बंद राहणार होतं, त्याची तुम्हाला काळजी लागली होती. तेवढ्यावरच तुम्ही तयार झालात.

दुपारची वेळ. खालच्या क्लासेसची पोरं सुटली होती, गल्लीत गाड्यांचा कलकलाट. आपण दाराला आणि खिडकीला गोधड्या लावल्या. तुम्ही माझा कागद बाजूला सारून स्वतःच्या हातानं चार वाक्यं लिहिलीत आणि वाचलीत. ती मला पाठ आहेत. "आपली वस्ती रस्त्याच्या आराखड्यातून वगळण्यात येत आहे. रहिवाशांनी काळजी करू नये. असं नेत्यांनी काल सभेत सांगितलं. तसा लेखी आदेश मी पाहिलेला नाही, तेव्हा हरकतीचा अर्ज सर्वांनी वेळेत भरून ठेवावा."

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. इथे मी फार विचार करून लिहितोय, कारण याच जागी मी वर्षभर खोटं बोलत आलो. मला कोणीही काहीही सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या साहेबांनी ते रेकॉर्डिंग ऐकलंसुद्धा नव्हतं. ऑफिसातून फोन नव्हता, दबाव नव्हता, नोकरी जाईल अशी धमकी नव्हती. मी चार वाक्यं ऐकली आणि माझ्या हाताला आपोआप कळलं की शेवटची दोन चालणार नाहीत. आमच्या कामात माणूस असाच तयार होतो. सुरुवातीला साहेब सांगतात काय काढायचं. मग ते नुसते भुवया उचलतात. मग एक दिवस त्यांना काही करावंच लागत नाही. मी दुसऱ्या वाक्यानंतर रेघ ओढली आणि उरलेलं काढून टाकलं. मूळ फाइल वेगळी ठेवली, कामाची सवय म्हणून.

साहेबांनी कापलेलं ऐकलं. म्हणाले, "क्या आवाज है रे सिधू! एकदम खबर लगती." मला बरं वाटलं. तेही सांगून टाकतो. मला खूप बरं वाटलं.

तुमचं ऑपरेशन झालं. मेघनानं तुमचा फोन काढून घेतला, डोळ्यांना ताण नको म्हणून. ग्रुपवर सकाळी सातला काहीच येईना. तिसऱ्या दिवशी मी ती क्लिप ऑफिसच्या नंबरवरून सातच्या ठोक्याला टाकली. वेळ मुद्दाम साधली होती. आवाज तुमचा, वेळ तुमची, नंबर कोण बघतो? लोकांना वाटलं बाईंचंच बातमीपत्र आलं. शेपूट नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलंही असेल, पण बाई आजारी आहेत, थोडक्यात उरकलं असेल, असं वाटलं असेल.

पुढचं तर यंत्रासारखं झालं. एका स्थानिक वाहिनीनं क्लिप ऐकून बातमी चालवली, मराठी वस्ती वाचली म्हणून. एका छोट्या पेपरनं वाहिनीवरून छापली. आमच्या ऑफिसनं पेपरचं कात्रण लावून पत्रक काढलं. आणि पुढच्या सभेत नेत्यांनी तोच पेपर हातात धरून वर केला, "मी नाही म्हणत, हे पेपर म्हणतोय!" मी व्यासपीठाच्या बाजूला उभा होतो. एका खोलीत गोधड्या लावून बोललेली दोन वाक्यं चार घरं फिरून पुराव्याच्या रूपात परत आली होती. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात.

वस्तीत कोणी पेढे वाटले, कोणी अर्ज फाडून टाकले. कौसल्याबाईंनी आपला अर्ज भरलेला होता, फक्त नेऊन द्यायचा राहिला होता. त्या तुमच्या जवळच्या, पुढच्या ओळीत त्यांचं घर, पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. ज्वारी, गहू, मिरची, सगळं त्याच गिरणीत दळून जायचं. त्यांचे यजमान म्हणत होते, देऊन ये, काय जातंय. त्यांनी ऐकलं नाही.

तुम्हाला फोन परत मिळाला तेव्हा शेवटची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. तुम्ही क्लिप ऐकलीत आणि मला बोलावून घेतलंत. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघून गेलं असतं.

"सिधू, हे कोणी केलं?"

"ऑफिसात कापलं, बाई. मला माहीतच नव्हतं."

"मूळ रेकॉर्डिंग आहे?"

"डिलीट झालं."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि मग काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे बघत राहिलात, नेमकं कुठे बघताय ते मला दिसत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तुम्ही बातमीपत्रात सांगितलंत की तुमच्या आवाजातली ती बातमी अर्धी होती, तुम्ही ती पूर्ण वाचली होती, ती कापली गेली. "कोणी कापली हे मला माहीत नाही, म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही." ग्रुपवर एकानं लिहिलं, आता सांगून काय फायदा. दुसऱ्यानं लिहिलं, तारीख गेल्यावर बरं आठवलं. मूळ रेकॉर्डिंग लावून दाखवता आलं असतं तर एका मिनिटात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते माझ्या पाठीवरच्या बॅगेत होतं आणि मी तुमच्या शेजारी बसून ती उत्तरं वाचत होतो.

लाल रेघ खरी ठरली. पाडायला मशीन आलं, पुढच्या ओळीतल्या घरांचे पुढचे भाग गेले. ज्यांनी अर्ज दिले होते त्यांची निदान सुनावणी झाली, काहींची रेघ थोडी मागे सरकली. कौसल्याबाईंची गिरणी गेली. दळायचं यंत्र आता मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे.

गिरणी गेली त्या दिवशी त्या तुमच्या दारात आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत होतो, पत्रक घेऊन. तुम्हाला माहीत होतं मी आत आहे.

"बाई, तुमी सांगितलं म्हणून मी अर्ज दिला न्हाई. आमचे हे म्हणायले होते देऊन ये. मीच म्हणलं, बाई सांगायलेत ना, मग कायकू जायचं? आता खरं सांगा. कुणाला इकला आवाज?"

तुम्ही त्यांना आत यायला सांगितलंत. त्या आल्या नाहीत.

"त्या सिधूनं केलं का? त्याचंच हाफिस आहे ना ते?"

"सिधूचं यात काही नाही," तुम्ही म्हणालात. "त्याला मी लहानपणापासून ओळखते. तो असं करणार नाही."

बाई, तुमच्या त्या वाक्याला शेपूट नव्हतं. आयुष्यात एकदाच तुम्ही न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगितलीत, आणि ती माझ्यासाठी. मी आत बसलो होतो. चार पावलं चालून बाहेर यायचं होतं. मी आलो नाही. कौसल्याबाई गेल्या, त्याच दिवशी ग्रुपमधूनही गेल्या. तुम्ही आत आलात, पत्रक हातात घेतलंत, पेनाचं टोपण काढलंत.

त्या दिवसापासून तुम्ही माझं फक्त शुद्धलेखन तपासलंत. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, स्वल्पविराम. समास कोरा. पानामागून पान कोरं. मी ठरवून "लाट", "झंझावात", "अभूतपूर्व" असलं काहीबाही घालून आणायचो, तुम्ही चिडाल म्हणून. तुम्ही 'भूत'चा दीर्घ ऊकार नीट आहे ना एवढंच बघायचात. तुम्हाला कळलं होतं का? मी वर्षभर हा प्रश्न स्वतःला विचारतोय. कळलं असेल तर तुम्ही मला दार का उघडत राहिलात? आणि कळलं नसेल तर ते समास कोरे का?

बातमीपत्र तुम्ही सोडलं नाहीत. ऐकणारे कमी झाले होते. कोणी ऐकलं ते फोनवर दिसतं, तुम्ही बघायचात, मोजायचा नाहीत, पण बघायचात. गेल्या महिन्यात तुम्ही मला म्हणालात, "अरे, बाजारात भेटली कौसल्या, रस्ता ओलांडून पलीकडे गेली." एवढंच. मग भाजी निवडायला लागलात. मी म्हणालो, "जाऊ द्या बाई, लोक विसरतील." तुम्ही म्हणालात, "लोकांनी विसरावं असं मी काय केलं?" मला उत्तर होतं. मी मेथीच्या जुडीचा दोरा सोडत बसलो.

आणि मग तुम्ही गेलात. दुपारी पडल्या पडल्या, कोणाला त्रास न देता. मेघनाचा फोन आला तेव्हा मी एका पत्रकाचा मथळा करत होतो. रडू आलं, खूप आलं, पण लाज त्याच्याही पुढे होती, तेवढं मात्र मान्य करायला हवं. पहिला विचार काय आला सांगू? आता बाई कधी विचारणार नाहीत. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणाचीच मला सगळ्यात जास्त घृणा वाटते.

परवा मेघना म्हणाली, "सिधूदादा, तू बोल ना विहारात. आईला तू सगळ्यात क्लोज होतास. मला मराठीत एवढं मॅनेज होणार नाही." मग म्हणाली, "कुणी काही बोलेल का रे, त्या क्लिपचं? प्लीज, तसं काही नको व्हायला. आईला खूप लागलं होतं ते. मला कधी बोलली नाही, पण मला माहीत आहे." मी म्हणालो, मी बोलतो.

काल माझी पाळी आली. तुमच्या फोटोकडे पाठ करून उभं राहावं लागतं, ते बरंच झालं. मी म्हणालो की बाईंच्या आवाजातलं एक रेकॉर्डिंग आहे, ते पूर्ण ऐका. फोन माइकजवळ धरला. पहिली दोन वाक्यं सगळ्यांच्या ओळखीची होती. लोक चुळबुळायला लागले, मेघनानं दचकून माझ्याकडे पाहिलं. मग तिसरं वाक्य आलं. मग चौथं. "हरकतीचा अर्ज सर्वांनी वेळेत भरून ठेवावा." त्यानंतर रेकॉर्डिंग थोडं पुढे जातं, ते मीसुद्धा विसरलो होतो. तुम्ही खोकता आणि म्हणता, "झालं? शेवटचं नीट आलंय ना रे? ते गेलं तर लोक फसतील." आणि माझा आवाज, "हो बाई, नीट आलंय."

मी सांगितलं, ही दोन वाक्यं मी कापली. ऑफिसनं नाही, मी. कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी मूळ रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा मी नाही म्हणालो, तेही खोटं होतं. एवढंच बोललो आणि खाली बसलो. भंतेजींनी डोळे मिटून घेतले. मेघना उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. आज सकाळी ऑफिसातून दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. नोकरी राहील असं वाटत नाही. ते ठीक आहे.

कार्यक्रमानंतर जेवण होतं. मी रांगेत उभा असताना एक ओळखीचा माणूस शेजारी आला. समोरच्या पक्षाचं प्रसिद्धीचं काम बघतो. तो तिथे का आला होता हे मला त्याच्या पहिल्याच वाक्यावरून कळलं.

"सिधूभाई, क्या हिंमत केली तुम्ही! ती क्लिप टाका ना मला. आणि तुमचं बोलणं पण. लेकिन ते पहिलं नक्को, वगळलं-बिगळलं. ऑफिसनं नाही, मी केलं, असं म्हणालात ना, तेवढंही नक्को. बाकी चालेल."

"पूर्ण घ्या, नाहीतर घेऊ नका."

"अरे भाई, पूर्ण ऐकतं कोण?"

तो चांगला माणूस आहे, बाई. गेल्या आठवड्यापर्यंत मीही असाच चांगला होतो. मी त्याला नाही म्हटलं, पण तिथे बसलेल्या कोणीतरी फोनवर रेकॉर्ड केलंच असणार. उद्या-परवा ते कापून फिरेल आणि त्यात तुमचा आवाज असेल. ते मला थांबवता येणार नाही, म्हणून पूर्ण रेकॉर्डिंग मी काल रात्रीच वस्तीतल्या प्रत्येक घरात पोचवलं.

तो गेल्यावर कौसल्याबाई आल्या. हातात ताट होतं, वरण-भात तसाच. मला वाटलं, ताट तोंडावर मारतील. मारलं असतं तर चाललं असतं.

"बाई मागायली होती ना ते तुला? तवा का दिलं न्हाईस?"

"भीती वाटली."

"कुणाची? तुझ्या सायबाची?"

"नाही. बाईंची. त्यांच्या नजरेतून उतरेन म्हणून."

त्यांनी ताटातला भात बोटानं बाजूला केला, परत मध्ये घेतला. मग म्हणाल्या, "तू राहिलास तिच्या नजरेत. ती आमच्या नजरेतून उतरून गेली. बाजारात दिसली तर मी तोंड फिरवून गेले, सिधू. आता मी कुणाला जाऊन सांगू?"

त्यांनी ताट भिंतीशी ठेवलं आणि बाहेर मेघना एकटीच उभी होती, तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

बाई, त्या खरं बोलल्या.